चौथी पायरी

शूगो नाराहाशीला पहिला फटका बसला तेव्हा चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. त्या क्षणी आराइसो बंदरातल्या दगडी जिन्याकडे एकोणचाळीस कॅमेरे आणि फोन रोखलेले होते. त्यांतल्या सदतीसांमधलं चित्रण पुढे पोलिसांकडे जमा झालं. सगळं जवळपास एकाच जागेवरून, एकाच कोनातून घेतलेलं.

खेळाची ठरलेली वेळ चार वाजून वीस मिनिटांची होती.

सात वर्षांपूर्वी एका अ‍ॅनिमे कंपनीची तीन माणसं आराइसोत चार दिवस राहून फोटो काढून गेली. कुणी फारशी चौकशी केली नाही. दीड वर्षाने त्यांची कार्टून मालिका आली, आणि तिच्या सातव्या भागात देवळाकडे जाणारा हा जिना, पायथ्याचा दगडी दिवा आणि जिन्याला लागून असलेलं नाराहाशींचं तळणाचं दुकान जसंच्या तसं उतरलेलं दिसलं. दुकानाच्या पत्र्याला एका टेम्पोने पाडलेला पोचसुद्धा त्यांनी काढला होता. त्या भागात तीन हमाल तोंडाला निळे पंचे बांधून येतात आणि नवव्या पायरीवर थोरल्या भावाला लोखंडी पाइपने मारतात. भाऊ तोंडातून आवाज काढत नाही. बहीण दुकानाच्या दारात, चौकटीवर हात ठेवून, चाळीस सेकंद जागची हलत नाही. एवढंच दृश्य. पण ते पाहून माणसं यायला लागली, आणि गावाने त्यांना यात्रेकरू म्हणायला सुरुवात केली.

यात्रेकरूंची रीत ठरलेली. एका हातात मालिकेतल्या दृश्याचं छापील चित्र, दुसऱ्या हातात कॅमेरा. चित्रातली कड आणि समोरची कड जुळेपर्यंत माणूस पुढेमागे सरकत राहतो. शेवटी व्यापारी मंडळाने डांबरावर पिवळ्या पट्टीची फुलीच मारून दिली. फुलीमागे रांग. दुसऱ्याच्या चित्रात शिरायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम, आणि बहुतेक शेवटचाही. चित्रात कुणी गावकरी आला तर तो जाईपर्यंत थांबायचं. मासळीची गाडी वीस मिनिटं उभी राहिली तर वीस मिनिटं थांबायचं. आराइसोतल्या लोकांना या माणसांचं हसू यायचं, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी चार वाजून वीस मिनिटांनी दिव्याची सावली बरोबर नवव्या पायरीला टेकते, मालिकेत टेकते तशी. म्हणून त्या दिवशी दरवर्षी तो प्रसंग करून दाखवायचा असं ठरलं. तीन हमाल यात्रेकरूंमधूनच निवडले जात. पाइप फोमचा. थोरला भाऊ म्हणून पहिल्या वर्षापासून शूगोच उभा राही, कारण दुकान त्याचं होतं आणि अंगयष्टी जुळत होती. दारातली बहीण म्हणजे त्याची खरी बहीण, मित्सुए. ती छत्तीस वर्षांची, तो एकोणतीसचा. आईवडील गेल्यापासून दुकानात दोघंच.

त्या रविवारी दुपारी मित्सुए कोरोक्के तळत होती. उकडलेल्या बटाट्याचे हे वडे ती पहाटेच वळून ठेवी. शूगो मागच्या खोलीत पांढरा सदरा चढवत होता.

"पुढच्या मंगळवारी साक्ष आहे तुझी," ती म्हणाली. "यंदा दुसऱ्या कुणाला तरी पडू दे."

"कोण पडणार? व्यापारी मंडळाचे अध्यक्ष? सत्तरीचे आहेत ते. पडले तर उठायचे नाहीत."

"चेष्टा पुरे. पिशवी विसरलास?"

गेल्या सोमवारी सकाळी दुकानाच्या दाराला एक पिशवी टांगलेली होती. आत समुद्रकाकड्या, समुद्रतळावरचे ते मऊ, महागडे जीव, प्रत्येक पोटात उभी चिरलेली. निरोप समजायला कुणाला विचारावं लागलं नाही. शूगोने दोन हिवाळे चोरून समुद्रकाकड्या काढणाऱ्या टोळीची होडी चालवली होती. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा एक पाणबुड्या वर आला नाही आणि त्यांनी त्याला तसाच सोडून होडी वळवायला लावली. शूगोने वळवली. मग तीन महिन्यांनी स्वतःहून पोलिसांकडे जाऊन सगळी नावं सांगितली. आता तीच नावं त्याला न्यायालयात उभं राहून सांगायची होती.

"ताई, आज बाहेर चाळीस माणसं कॅमेरे लावून उभी असतील," शूगो म्हणाला. "माझ्याइतका सुरक्षित माणूस आज सगळ्या जपानात सापडायचा नाही."

मित्सुएला ते पटलं. ही गोष्ट तिने पुढे न्यायालयात लपवली नाही.

"आणि एक," ती म्हणाली, "मला हसवू नकोस. गेल्या वर्षीसारखं केलंस तर चिमट्याने नाक ओढीन."

गेल्या वर्षी ऐन दृश्यात, पाठीवर फोमचा पाइप बसत असताना, शूगो ओरडला होता, "ताई, वडे करपले!" मित्सुए फसकन हसली. सगळ्यांचं चित्रण वाया गेलं, तोवर सावलीही पुढे सरकली होती. क्योतोहून आलेला एक माणूस रडकुंडीला आला होता. मित्सुएने त्याला आणि रांगेतल्या प्रत्येकाला दोन-दोन कोरोक्के फुकट दिले आणि रात्री शूगोशी बोलली नाही.

"नाही हसवत," शूगो म्हणाला. "मेल्यासारखा गप्प राहीन."

चारला पाच मिनिटं कमी असताना तो झाडू घेऊन बाहेर पडला. सकाळी पाऊस झाला होता, पायऱ्यांवर ओली पानं चिकटली होती. हमाल झालेले तिघे यात्रेकरू अजून व्यापारी मंडळाच्या कार्यालयात पंचे बांधून घेत होते. शूगो नवव्या पायरीपासून झाडत खाली आला. चौथ्या पायरीवर तो वाकलेला असताना वरून तीन माणसं उतरली. तोंडाला निळे पंचे.

रांगेत सर्वांत पुढे, फुलीवर तिपाई लावून, कोगुरे उभा होता. वय एकसष्ट. रेल्वेच्या सिग्नल विभागात अडतीस वर्षं काढलेली. आराइसोला तो एकविसाव्यांदा आला होता. सातव्या भागातली सगळी दृश्यं त्याला क्रमाने पाठ होती. त्याच्या मागे उराबे नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती, ओसाकातल्या एका छापखान्यात कामाला. कोगुरेचं चित्रण सर्वांत स्थिर आणि आवाज सर्वांत स्पष्ट आहे. त्यात हे ऐकू येतं:

"लवकर सुरू केलं यांनी." उराबे.

"सावली अजून सातवीवर आहे." कोगुरे.

पहिला फटका शूगोच्या गुडघ्यामागे बसला. तो पायरीवर आपटला. दुसरा, त्याने डोक्यावर धरलेल्या हातावर. बोटं उलटी वळली. तिसरा बरगड्यांवर.

"पायरी चुकलीय," कोगुरे म्हणाला. "ही चौथी. नववी पाहिजे."

"पाइपवाला डावखुरा कुठून आणला?" उराबे म्हणाली. "मालिकेत उजव्या हातात आहे."

मागून एक पुरुषी आवाज: "यंदा रक्त मात्र छान जमलंय."

तिन्ही वाक्यं लोक दुकानात शेजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात आहेत. रांग हलली नाही. फुलीच्या पुढे कुणाचं पाऊल पडलं नाही.

मित्सुएने दुकानातून निळे पंचे पाहिले. या लोकांना नऊ मिनिटं धीर धरवत नाही, असं तिच्या मनात आलं. हात पुसून ती दारात आली, चौकटीवर हात ठेवला आणि दरवर्षीप्रमाणे मनात आकडे मोजू लागली. दिव्याचा खांब मध्ये असल्यामुळे दारातून तिला चौथ्या पायरीचा अर्धाच भाग दिसत होता.

सतराव्या सेकंदाला शूगो ओरडला, "ताई!"

तिने खालचा ओठ दातांत पकडला. कोगुरेच्या चित्रणात ते दिसतं. ती हसू दाबत होती.

"ताई! ताई!"

ती जास्तच ताठ उभी राहिली.

चोविसाव्या सेकंदाला पाचवा फटका शूगोच्या उजव्या कानशिलावर बसला. डॉक्टरांच्या अहवालाप्रमाणे प्राण घेणारा फटका हाच. त्यानंतर तो ओरडला नाही. सहावा आणि सातवा फटका बसला तेव्हा त्याचं डोकं पायरीच्या कडेवरून लोंबत होतं आणि प्रत्येक फटक्याला नुसतं हलत होतं. सातव्या फटक्यानंतर त्याचं शरीर एक पायरी खाली घसरलं आणि खांबाच्या आडून त्याचा चेहरा मित्सुएला पूर्ण दिसला. एक डोळा उघडा होता. दुसरा होता तिथे नव्हता.

तेहतिसाव्या सेकंदाला ती दारातून आत वळली.

कढईत चार लिटर तेल होतं, कोरोक्केसाठी लागतं तेवढं तापलेलं. तिने कढईच्या दोन्ही कानांना ओली फडकी लावली आणि ती उचलली. बाहेर येताना तेल हिंदकळून तिच्या डाव्या मनगटावर सांडलं, तिथली कातडी आजही चकाकते. दारापासून जिना अकरा पावलं. डावखुरा माणूस आठवा फटका घालायला वळला तेव्हा ती त्याच्यासमोर होती. तिने कढई त्याच्या तोंडावर उलटी केली.

रांगेतून टाळी वाजली. दोनदा. चित्रणात ती स्पष्ट आहे.

मग त्या माणसाने किंकाळी फोडली. तळणाच्या वासात दुसरा वास मिसळला. त्याने तोंडावरचा पंचा ओढायचा प्रयत्न केला. पंचा गालासकट निघायला लागला. तेव्हा उराबे ओरडली, "खरं आहे! अहो, खरं आहे हे!" आणि फुली ओलांडून धावली. तिच्या मागे दहा-बारा जण धावले. पंचेवाल्या उरलेल्या दोघांनी पाइप उचलून वाट काढली. त्यात उराबेचा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. ते देवळामागच्या रस्त्याने पळाले आणि दोन दिवसांनी शेजारच्या जिल्ह्यात सापडले. भाजलेल्या माणसाचं नाव देगावा. तो जिन्यावरच पडून राहिला.

मित्सुए भावाजवळ बसली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा हाताला कवटीचा एक भाग आत दबलेला लागला. "शूगो, वडे करपले," ती म्हणाली. "शूगो, ऊठ. वडे करपले रे."

तो बुधवारी सकाळी गेला. पुढच्या मंगळवारी टोळीच्या खटल्यात साक्षीदार नव्हता. टोळीचा म्होरक्या डिसेंबरात सुटला.

खुनाचा खटला अकरा महिन्यांनी उभा राहिला. निकाल द्यायला तीन न्यायाधीश आणि त्यांच्यासोबत सहा सामान्य नागरिक. देगावाने बाजू मांडली ती अशी: आम्ही मालिकेचे चाहते. खेळात भाग घ्यायला आलो. खरं वाटावं म्हणून खरा पाइप आणला, बाजूला हाणायचा होता, हात चुकला. शूगोच्या साक्षीबद्दल आम्हाला काही माहीत नव्हतं. तिघांचे फोन पुसलेले होते. वरून कुणी सांगितलं, हे पोलिसांना जोडता आलं नाही.

"हात एकदा चुकतो," सरकारी वकील म्हणाला. "सात वेळा?"

"मालिकेत सातच फटके आहेत," बचावाच्या वकिलाने शांतपणे सांगितलं आणि ते दृश्य पडद्यावर लावलं. खरोखर सातच होते.

मग त्याने मित्सुएला उभं केलं.

"तुम्ही दारात किती वेळ उभ्या होतात?"

"तेहतीस सेकंद."

"का हलला नाहीत?"

"मला खेळ वाटला."

"सख्ख्या बहिणीला, अकरा पावलांवरून, खेळ वाटला. मग माझ्या अशिलांना तो खेळच होता, हे अशक्य कसं?"

मित्सुए मनात हिशोब करत होती. हाक सतराव्या सेकंदाला. जीव गेला तो फटका चोविसाव्याला. अकरा पावलांना सहा सेकंद लागतात. हिवाळ्यात एकदा घड्याळ लावून ती स्वतः धावली होती. देगावाला भाजल्याचं तिच्यावरचं प्रकरण वसंत ऋतूतच बंद झालं होतं, बचावासाठी केलेलं कृत्य म्हणून. हे प्रकरण बंद करणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोगुरे साक्षीला आला. करड्या सुटात, हातात त्या दृश्यांचा छापील गठ्ठा.

"हे चाहते नाहीत," तो म्हणाला. "यांनी सातवा भाग एकदा, फार तर दोनदा पाहिलाय. फटके मोजले, पायऱ्या मोजल्या नाहीत. इथे येणारं शाळकरी पोरसुद्धा नववी पायरी सांगेल. पंच्याची गाठ डाव्या कानामागे हवी, यांची मानेवर आहे. पाइप उजव्या हातात हवा. तिघांतला बुटका सर्वांत वरच्या पायरीवर हवा, हा सर्वांत खाली आहे. आणि वेळ. सावलीसाठी लोक शेकडो कोस येतात. सावली यायच्या नऊ मिनिटं आधी कुठलाच यात्रेकरू सुरुवात करणार नाही. या माणसांना दृश्य नको होतं. माणूस हवा होता."

सहा नागरिकांपैकी चौघं भराभर लिहीत होती. बचावाचा वकील उठला.

"कोगुरेसान, तुमची नजर तीक्ष्ण आहे. हे सगळं चुकतंय, हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

कोगुरेने कागदांचा गठ्ठा खाली ठेवला.

"घरी जाऊन चित्रण पाहिल्यावर?" वकिलाने विचारलं.

"नाही. तिथेच."

"नेमकं कधी?"

"पहिल्या फटक्याला."

"म्हणजे हा खेळ नाही, हे तुम्हाला पहिल्या फटक्याला कळलं?"

"हे चुकीचं आहे, हे कळलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मागच्या मुलीला सांगितलं, पायरी चुकलीय म्हणून."

"आणि?"

"आणि चित्रण चालू ठेवलं." कोगुरेचा आवाज अजूनही सिग्नलची नोंद वाचावी तसा होता, पण दोन्ही हात कठड्यावर घट्ट होते. "दुसऱ्याच्या चित्रात शिरायचं नाही, असा आमचा नियम आहे. माझ्यामागे अडतीस माणसं होती."

वकिलाला जे हवं होतं ते मिळालं असावं, पण तो लगेच खाली बसला नाही.

देगावाला अठरा वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्या दोघांना पंधरा. निकालपत्रात कोगुरेच्या साक्षीला दोन पानं आहेत. त्याला पहिल्या फटक्यालाच कळलं होतं, हे त्या पानांत नाही. त्याची कायद्याला गरज नव्हती.

इमारतीच्या बाहेर कोगुरे मित्सुएसमोर कमरेत वाकला आणि तसाच राहिला.

"मला मारा," तो म्हणाला.

"उठा, कोगुरेसान. लोक बघतायत."

"मारा."

तिने मारलं. उघड्या हाताने, कानशिलावर, त्याचा चष्मा पायऱ्यांवर जाऊन पडेल एवढ्या जोरात. मग ती चार पायऱ्या उतरली, चष्मा उचलला, रुमालाने पुसला आणि त्याच्या हातात दिला. "तुम्ही निदान खरं बोललात," ती म्हणाली. "आता परत येऊ नका."

तो आला नाही.

बाकीचे आले. व्यापारी मंडळाने खेळ कायमचा बंद केला, फुलीवर डांबर ओतलं. पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सावली नवव्या पायरीवर येणार होती, ती बंद करणं मंडळाच्या हातात नव्हतं. दुपारी तीनपासून माणसं जमली. साठेक असतील. डांबरावर फुली कुठे होती ते सगळ्यांना पाठ होतं. सगळे काळ्या कपड्यांत होते, काहींनी जिन्याच्या कडेला फुलं ठेवली. मग शिस्तीत रांग लावली आणि छापील चित्रं बाहेर काढली.

चार वाजून अकरा मिनिटांनी मित्सुए दुकानातून बटाट्यांची बादली आणि सुरी घेऊन बाहेर आली. चौथ्या पायरीवर बसली. सोलायला लागली.

रांग थांबली. पाच मिनिटं गेली. सावली आठवीवर आली. कॅमेरे अर्धवट वर, खाली, पुन्हा वर. साल बादलीबाहेर, चौथ्या पायरीच्या कडेवर पडत होतं.

चार वाजून अठरा मिनिटांनी रांगेतला पहिला तरुण दोन पावलं पुढे आला आणि वाकला.

"माफ करा, ताई. दोनच मिनिटं, जरा बाजूला होता का?"

मित्सुएने वर पाहिलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "थांबायची सवय आहे तुम्हाला."

तो पुन्हा वाकला आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. सावली नवव्या पायरीला टेकली आणि वर सरकली. तिने पुढचा बटाटा उचलला.